पेंढा, तूस आणि गिरिपुष्प : कोकणातल्या एक एकर भातखाचराचे प्रकरण

रत्नागिरी-सिंधुदुर्ग पट्ट्यातले एक एकर भातखाचर हिशेबासाठी घेऊ. जमीन जांभ्याची, तांबडी, सामू (पीएच) साडेपाच ते सहाच्या आसपास. पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या घरात, आणि तोही जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. पीक एकच, खरिपाचे. उत्पन्न १६ क्विंटल भात आणि जवळपास तितकाच पेंढा. अशा खाचरात पिकाचाच टाकाऊ भाग खत म्हणून परत घालायचा तर किती, कधी आणि कशाच्या जोडीने, एवढाच इथला प्रश्न आहे.

उत्तराचा पाया म्हणजे मृदशास्त्रज्ञ डॉ. नारायण सावंत यांनी मांडलेली चारसूत्री भातशेती. भाताच्या अवशेषांचा फेरवापर, गिरिपुष्प या झाडाचा हिरवा पाला, दोरीवर ठरावीक अंतराने नियंत्रित लावणी आणि युरिया-डीएपी खतांच्या ब्रिकेट (दाबून केलेल्या गोळ्या) ही ती चार सूत्रे. लोकांनी बहुतेक करून तिसरे आणि चौथे सूत्र उचलले, कारण दोरी आणि ब्रिकेट डोळ्यांना दिसतात. पहिली दोन मागे पडली. जमिनीचे काम मात्र त्या दोघांचे आहे, म्हणून इथे भर त्यांच्यावरच आहे.

पेंढा गाडणाऱ्याने एक गोष्ट आधी मनाशी पक्की करावी. पेंढा हे पालाश (पोटॅश) आणि सिलिकॉनचे खत आहे. नत्रासाठी (नायट्रोजनसाठी) त्याच्याकडे बघू नये. नत्राच्या आशेने पेंढा गाडला की लावणीनंतर पीक पिवळे पडते आणि पुढच्या वर्षी पेंढा पुन्हा उडवीत, म्हणजे गंजीत, जातो.

खाचरातून जाते काय

वाळलेल्या पेंढ्यात नत्र साधारण ०.५ ते ०.८ टक्के, स्फुरद ०.२ टक्क्यांच्या आसपास, पालाश दीड टक्का आणि सिलिकॉन ४ ते ७ टक्के असते. १६ क्विंटल पेंढ्याचा हिशेब केला तर सुमारे १० किलो नत्र, ३ किलो स्फुरद, २४ किलो पालाश आणि ६० ते ११० किलो सिलिकॉन निघते. कोकणात सुधारित भाताला नत्र, स्फुरद आणि पालाश हेक्टरी १००:५०:५० किलो अशी शिफारस आहे, म्हणजे एकरी पालाश २० किलो. जितका पालाश आपण पोत्यातून विकत आणायचा, त्याहून जास्त दरवर्षी पेंढ्याच्या भाऱ्यांतून बाहेर नेतो. दाण्यात पालाश फार थोडा जातो, पाचातला चार भाग पेंढ्यातच राहतो.

सिलिकॉनची गोष्ट आणखी दुर्लक्षित. हेक्टरी ५ टन भात देणारे पीक जमिनीतून २३० ते ४७० किलो सिलिकॉन उचलते, नत्राच्या दुपटीहून जास्त. जपानने १९५५मध्येच सिलिकेट खतांना अधिकृत खताचा दर्जा दिला, तो भातासाठीच. आपल्याकडच्या जोराच्या पावसात आणि जुन्या, धुपलेल्या जांभ्या मातीत पिकाला मिळण्यासारखे सिलिकॉन कमीच उरते. ते पुरेसे मिळाले की पात उभी राहते, खोड कणखर होते, करप्याला आणि खोडकिडीला पीक लवकर बळी पडत नाही, शेवटच्या पावसात लोळतही नाही.

आता कोणी म्हणेल, पेंढा गुरे खातात आणि शेण परत शेतात येतेच की. शेणातून स्फुरद येते, थोडे नत्र येते. पालाश मात्र बहुतेक मुतातून जाते, आणि गोठ्याची जमीन कच्ची असेल तर ते गोठ्याच्या मागच्या पन्हळीतून परसात मुरते. म्हणून पेंढा गुरांना घालणाऱ्या घरात पहिले काम गोठ्यात करावे: दावणीतला उष्टा पेंढा आणि तूस (भाताचे टरफल) गुरांच्या पायाखाली पसरावे, ओले झाले की दोन-तीन दिवसांनी काढून खड्ड्यात टाकावे. एवढ्याने विकतच्या पालाशातला काही भाग वाचतो.

पेंढा: किती, कसा, केव्हा

शिफारस हेक्टरी २ टन पेंढ्याची, म्हणजे गुंठ्याला २० किलो, एकराला ८ क्विंटल. आपल्या खाचरातला अर्धा पेंढा. उरलेला अर्धा गुरांना, म्हणजे वैरणीशी भांडण नाही. ज्याच्याकडे तेवढाही पेंढा वाचत नाही, त्याने कापणी जमिनीपासून वीतभर उंच ठेवू नये. उंच धसकटांत खोडकिडीच्या अळ्या सुप्तावस्थेत राहतात. जमिनीलगत कापून, नंतर धसकटे नांगरून गाडावीत.

पेंढ्यात कर्ब ४० टक्क्यांच्या आसपास आणि नत्र अर्धा-पाऊण टक्का. कर्ब आणि नत्राचे हे प्रमाण ५० ते ८०ला १ असे पडते. कुजवणाऱ्या जिवाणूंना ते २०-२५ला १ लागते, म्हणून कमी पडलेले नत्र ते मातीतून ओढून घेतात. ते हरवत नाही, जिवाणूंच्या शरीरात अडकते आणि त्यांचे काम संपले की परत मोकळे होते. अडकण्याचा हा काळ आणि रोपांनी मूळ धरण्याचा काळ एकाच पंधरवड्यात आला की पीक पिवळे दिसते. सगळी खुबी हे दोन काळ वेगळे ठेवण्यात आहे.

त्यासाठी पेंढा चिखलणीच्या तोंडावर घालू नये. पहिल्या नांगरणीच्या वेळी, शक्यतो चिखलणीआधी महिनाभर, तो मातीत गेलेला असावा. हवेत अर्धवट कुजलेला पेंढा पाण्याखाली गेला तर त्रास कमी, कोरडा कोरा पेंढा गेला तर जास्त. मिथेन वायूचा हिशेबही हेच सांगतो. हवामान बदलावरच्या आंतरशासकीय समितीच्या २००६च्या मार्गदर्शक हिशेबात, लागवडीच्या ३० दिवसांहून आधी गाडलेल्या पेंढ्याचा मिथेनवाढीसाठीचा भार ०.२९ धरला आहे, आणि त्यानंतर गाडलेल्याचा पूर्ण १.

कोकणात यात दोन व्यावहारिक अडचणी येतात. पहिली गुरांची. भात निघाल्यावर गुरे मोकळी सोडतात. नोव्हेंबरात खाचरात पसरलेला पेंढा महिन्याभरात दिसेनासा होतो. म्हणून तो कापणीनंतर लगेच, जमिनीत ओल असतानाच नांगराखाली घालावा, किंवा बाजूला रचून ठेवावा. मागून वाल, कुळीथ किंवा चवळी घेणार असाल तर नांगरणी उरकून पेरणी करताना पेंढा ओळींमध्ये आच्छादन म्हणून पसरता येतो. तिथे राखण असतेच, शिवाय ओलही टिकते.

दुसरी अडचण पावसाची. पेंढ्यातला पालाश पाण्यात विरघळतो, तो कुजायची वाट बघत नाही. उघड्यावर ठेवलेल्या उडवीखालून पहिल्या पावसात जे चहाच्या रंगाचे पाणी वाहते, त्यात हाच पालाश असतो. एवढे महिने जपून ठेवलेला पेंढा जूनच्या पहिल्या आठवड्यात धुऊन गेला तर शेतात पडते ती निव्वळ काडी. खतासाठी राखलेला पेंढा एकतर आधीच मातीत जावा, नाहीतर झापाखाली किंवा प्लॅस्टिकखाली कोरडा राहावा.

गाडताना पेंढा वीतभर लांबीचा कापून पसरावा. अख्खा लांब पेंढा पॉवर टिलरच्या पात्यांना गुंडाळतो, आणि दर फेरीला यंत्र थांबवून विळ्याने सोडवावा लागतो. चिखलात तो तरंगून बांधाच्या कोपऱ्यात गोळा होतो; त्या कोपऱ्यात रोपे पिवळी आणि बाकी खाचर हिरवे, असे चित्र दिसले तर कारण हेच.

करपा किंवा कडा करपा लागलेल्या शेतातला पेंढा कोरा गाडू नये. तो खड्ड्यात कुजवूनच घालावा.

खड्डा कधी भरावा

खड्डा एप्रिलमध्ये भरायला घेऊ नये. विहिरी तळाला गेलेल्या असतात आणि कोरडा पेंढा पाण्याशिवाय कुजत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात, पऱ्ह्याला (ओढ्याला) पाणी असताना भरावा. ४ क्विंटल पेंढ्याला २ क्विंटल गिरिपुष्पाचा ओला पाला आणि क्विंटलभर ताजे शेण पाण्यात कालवून, अशा मापाने थर लावावेत: वीतभर पेंढा, त्यावर चार बोटे पाला, त्यावर शेणकाला, त्यावर मातीचा हलका थर. पेंढा आदल्या दिवशी भिजवून ठेवला नाही तर वरून कितीही पाणी ओता, ते काडीवरून घसरून तळाला जाते आणि मधला भाग कोरडाच राहतो.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी आत हात घातला तर चटका बसेल इतका ताव यायला हवा. ताव आला नाही तर ओल कमी आहे किंवा शेण कमी पडले. आंबूस, नासका वास आला तर पाणी जास्त झाले. उकरून हवा द्यावी. मुठीत घट्ट दाबल्यावर बोटांच्या फटीतून एखादा-दुसरा थेंब यावा, धार लागू नये. महिन्याने एकदा आणि दोन महिन्यांनी पुन्हा वर-खाली करावे. तीन-चार महिन्यांत काडी बोटांत चुरडते, रंग काळपट होतो आणि मातीचा वास येतो. मग पावसाआधी झाकून ठेवावे.

खड्ड्यात चुलीची किंवा तुसाची राख टाकायचा मोह आवरावा. राख अल्कधर्मी असते. ताज्या शेणाशी किंवा युरियाशी मिसळली की नत्र अमोनिया होऊन उडते. डोळ्यांना झोंबणारा वास आला म्हणजे खत हवेत चालले आहे.

राबाच्या जागी तुसाची राख

कोकणात रोपासाठी राब भाजायची रीत जुनी आहे. ऐन-किंजळीच्या झाडांचे कवळ, म्हणजे पाल्याच्या डहाळ्या, तोडायचे, शेण, गवत, पातेरा यांचे थर रोपाच्या जागेवर पसरायचे आणि वरून मातीचा पातळ थर देऊन पेटवायचे. तिला नुसती नावे ठेवून चालत नाही. राबामुळे तणाचे बी जळते, राखेतून पालाश मिळते, पहिल्या पावसात रोप जोमाने येते. पण त्यात झाडे बोडकी होतात, शेण आणि पाला यांतले नत्र जवळजवळ सगळे जळते, आणि जो सेंद्रिय पदार्थ जमिनीत जायला हवा तो धूर होऊन जातो.

राबाऐवजी तुसाची काळी राख वापरायची. प्रमाण चौरस मीटरला अर्धा ते एक किलो. मीटर-सव्वा मीटर रुंद, चार-पाच बोटे उंच गादीवाफ्यात, बी ओळीत पेरण्याआधी वरच्या ४ ते ७ सेंटिमीटर मातीत मिसळायची. रोपे पातीला ताठ होतात आणि उपटताना मुळे तुटत नाहीत, कारण राखेने माती भुसभुशीत राहते. लावणीच्या दिवशी रोप उपटणाऱ्या बायांना हा फरक आधी कळतो.

राख काळीच हवी. पत्र्याच्या डब्याला भोके पाडून तो उलटा ठेवावा, वर नळीसारखा धुराडा, आत विस्तव आणि भोवती तुसाचा ढीग. तूस आतून बाहेर काळे होत येते. ढिगाला आतून काळेपणा धरला की उलथून पाणी मारावे. धुमसत ठेवले तर रात्रीतून पांढरी राख होते. फार उष्णतेत, ७०० अंशांच्या वर, त्यातली सिलिका स्फटिकरूप होते आणि पिकाला मिळेनाशी होते. कर्बही जळून जातो.

इथे एका एकराचा हिशेब जुळत नाही, हे आधीच सांगायला हवे. १६ क्विंटल भाताचे तूस २० टक्क्यांनी ३२० किलो, त्याची काळी राख साधारण तिसरा हिस्सा, म्हणजे शंभर-एकशेदहा किलो. एकरासाठी ४ गुंठे रोपवाटिका धरली आणि वाफ्यांचे निव्वळ क्षेत्र ३०० चौरस मीटर मानले, तरी अर्ध्या किलोच्या मापाने दीडशे किलो राख लागते. शिवाय गावातल्या हलर गिरणीत तूस आणि कोंडा एकत्रच बाहेर पडतो आणि तो गुरांकडे जातो. रबरी रोलच्या गिरणीतच तूस वेगळे मिळते. कमी पडलेले तूस तिथून पोत्यांनी आणावे. ते जमत नसेल तर राख अख्ख्या वाफ्यात पसरण्याऐवजी फक्त बियाच्या ओळींत घालावी.

तणाचे काय, हा राब भाजणाऱ्याचा रास्त प्रश्न आहे. मे अखेरच्या वळवाच्या सरीनंतर, किंवा पाणी शिंपून, वाफ्यात तण उगवू द्यावे आणि कोवळे असतानाच खुरप्याने वरच्यावर खरवडावे. मग पेरावे. हे केले नाही तर रोपात पाखड माजते, लावणीत ते रोपासोबतच खाचरात जाते, आणि लोक परत राबाकडे वळतात.

गिरिपुष्प

पेंढा जे देत नाही ते हा पाला देतो. गिरिपुष्प, कोणी त्याला उंदीरमारी म्हणतात, शेंगवर्गीय झाड. कोवळ्या पाल्याच्या कोरड्या वजनात तीन टक्क्यांच्या पुढे नत्र. शिफारस गुंठ्याला ३० किलो ओल्या पाल्याची, एकराला १२०० किलो. त्यातून त्या हंगामात हेक्टरी १० ते १५ किलो, म्हणजे एकरी ४ ते ६ किलो नत्र पिकाला मिळते. आकडा लहान वाटतो, पण तो नेमका अशा वेळी मोकळा होतो जेव्हा पेंढ्यावरचे जिवाणू नत्र ओढत असतात.

झाडाला एका छाटणीत ५ किलो पाला धरला तर गुंठ्यामागे ६ झाडे, एकरामागे २४० झाडे लागतात. लहान खाचरांच्या बांधांवर मीटर-मीटरवर ती सहज बसतात. मनगटाएवढ्या जाडीचे, कमरेएवढे खुंट पावसाच्या तोंडावर रोवले की फुटतात. पहिल्या वर्षी पाला काढू नये. पुढे कमरेच्या उंचीवर छाटत राहावे, नाहीतर ऑगस्टमध्ये बांधालगतच्या चार ओळी सावलीने पोचट राहतात. हिवाळ्याच्या शेवटी झाड पानगळ करते आणि फुलते. नवा पाला मेपासून भरतो, म्हणजे वेळ आपोआप जमते.

उखळणी झाल्यावर, चिखलणीआधी आठवडाभर, पाल्यासकट फांद्या खाचरात पसराव्यात. ६ ते ८ दिवसांत पाने गळून पडतात. काटक्या उचलून चुलीला न्याव्यात आणि मग चिखलणी करावी. या आठवड्यात बांधाचे तोंड बंद हवे. जुलैच्या धो धो पावसात वरच्या खाचराचे पाणी खालच्यात उतरते आणि सोबत पाला, त्याचा अर्क, सगळे शेजाऱ्याकडे किंवा पऱ्ह्यात जाते.

लावणी आणि ब्रिकेट, थोडक्यात

दोरीवर १५ आणि २५ सेंटिमीटर अशा आलटून-पालटून खुणा. एका चुडात, म्हणजे एका जागी, २-३ रोपे. १५ बाय १५च्या प्रत्येक चौकोनाच्या मधोमध एक ब्रिकेट, ७ ते १० सेंटिमीटर खोल, लावणीच्याच दिवशी. ब्रिकेट २.७ ग्रॅमची, युरिया ६० भाग आणि डीएपी ४० भाग. गुंठ्याला ६२५, एकराला २५,००० ब्रिकेट, वजनाने ६७.५ किलो. त्यातून सुमारे २३ किलो नत्र आणि १२ किलो स्फुरद मिळते. पालाशाचा वाटा ८ क्विंटल पेंढ्यातून येणाऱ्या १२ किलोंचा. खाली गेलेले नत्र वरच्या थरात पेंढा कुजवणाऱ्या जिवाणूंच्या तोंडी लागत नाही, शिवाय पाण्यासोबत वाहूनही जात नाही. फेकून टाकलेला युरिया या दोन्ही वाटांनी जातो. म्हणून पेंढा गाडलेल्या शेतात ब्रिकेट हीच खरी जोड.

पीक बिघडले तर ओळखायचे कसे

लावणीनंतर दहा-पंधरा दिवसांनी पिवळेपणा दिसला की लोक युरिया फेकतात. आधी खालचे पान बघावे. पान टोकापासून एकसारखे फिकट पिवळे, ठिपके नाहीत, मुळे पांढरी, तर नत्र अडकले आहे. ते आठ-दहा दिवसांत बहुधा सुटते. ब्रिकेट घातली असेल तर थांबावे.

खालच्या पानांवर टोकाकडून तांबूस-तपकिरी बारीक ठिपके, मुळे काळी, चिखल हलवला की कुजलेल्या अंड्यासारखा वास, तर गोष्ट वेगळी. पाण्याखाली पेंढा कुजताना प्राणवायू संपतो, जांभ्या मातीतले लोह विरघळते आणि पिकाला विषासारखे बाधते. डोंगरउतारालगतच्या, झऱ्याचे पाणी येणाऱ्या सखल खाचरांत हे जास्त. तिथे साचलेल्या पाण्यावर तांबूस, तेलासारखा तवंग दिसतो. काडीने तो फोडून बघावा. तुकडे होऊन तसेच राहिले तर लोह, पुन्हा एकत्र आला तर तेल. अशा खाचरात कोरा पेंढा घालूच नये, फक्त कुजलेले खत आणि राख. लक्षणे दिसलीच तर पावसाने उघडीप दिली की तोंड उघडून पाणी सोडावे, तीन-चार दिवस चिखलाला केसाएवढ्या भेगा पडेपर्यंत ठेवावे, मग पाणी घ्यावे. युरियाने यात काहीच होत नाही.

काय मोजावे

माती परीक्षणात सेंद्रिय कर्ब पहिल्या-दुसऱ्या वर्षी वाढलेला दिसणार नाही, आणि त्यावरून पद्धत फसली असे ठरवू नये. एकराच्या वरच्या १५ सेंटिमीटर थरात सुमारे ९ लाख किलो माती असते. ८ क्विंटल पेंढ्यात ३२० किलो कर्ब. त्यातला पाचवा-सहावा हिस्सा ह्यूमस म्हणून टिकला तर ५०-६० किलो. टक्केवारीत ते वर्षाला ०.००६. प्रयोगशाळेच्या अहवालात हा आकडा उमटायला बरीच वर्षे लागतात.

आधी फरक दिसतो तो पालाशात, आणि लोळणाऱ्या पिकात. म्हणून मातीचा नमुना दरवर्षी एकाच वेळी, कापणीनंतर आणि नांगरणीआधी, त्याच खाचरातून आठ-दहा ठिकाणचा घ्यावा, आणि उपलब्ध पालाश व सामू या दोन रकान्यांवर लक्ष ठेवावे. तीन वर्षांत पालाश टिकून राहिला किंवा चढला, तर पोटॅशचे पोते अर्ध्यावर आणता येते. एका खाचरात पेंढा न घालता बाकी सगळे सारखे ठेवावे. झोडणीच्या दिवशी दोन्हींचे भात वेगळे मोजले की त्या जमिनीचे उत्तर त्याच जमिनीतून मिळते.